थांबल्यानंतरचा धक्का

आमच्या दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले, "तुम्ही आयुष्यभर वजनं उचलली, त्यावर लिहा." मी त्यांना तिथंच दुरुस्त केलं. आयुष्यात मी वजन फार कमी उचललं. उचलतो तो हमाल, आणि त्याची पाठ चाळिशीत जाते. मी वजनं सरकवली, उतरवली आणि मुख्य म्हणजे थांबवली. माझी पाठ अजून ताठ आहे, बायकोला विचारा. बाकी काही ताठ असेल नसेल, पाठ आहे.

आमच्याकडे जड यंत्रं हलवणाऱ्याला खलाशी म्हणतात. समुद्राशी संबंध नाही. रायपूरला समुद्र कुठला, तळी आहेत. वडील भंडाऱ्याकडून रेल्वेत आले, ते अपघाती डबे उचलणाऱ्या टोळीत खलाशी होते. मी काही वर्षं कारखान्यात तेच काम केलं आणि मग स्वतःची टोळी बांधली. कुठं शिकलो, कधी लागलो, कधी सोडलं, हे सगळं मी गाळतो. ते माझ्या पेन्शन नसलेल्या आयुष्यात कोणालाच कधी लागलं नाही.

टोळी बांधली आणि नशिबानं नवं राज्य झालं. रायपूर एका रात्रीत राजधानी झालं आणि सगळं शहर सामान उचलून इकडचं तिकडे करायला लागलं. कचेऱ्या मिळेल त्या इमारतीत शिरत होत्या. सदर बाजारात पिढ्यान् पिढ्या गल्लीत बसलेले व्यापारी शंकर नगरच्या रुंद रस्त्यावर काचेची दुकानं टाकत होते. सगळ्यांना घाई होती आणि घाई म्हणजे आमचा धंदा. आमचा शत्रूही तोच.

भोपाळहून बदलून आलेले एक साहेब होते. त्यांचं संगमरवरी जेवणाचं टेबल आम्ही ट्रकमध्ये चढवलं. मी म्हटलं, दोरानं बांधू द्या. साहेब म्हणाले, दोराचे डाग पडतील, एवढं जड टेबल कुठं जातंय? चौकात गाय आडवी आली, ड्रायव्हरनं ब्रेक दाबला, ट्रक थांबला. टेबल थांबलं नाही. ते तसंच पुढं गेलं आणि ड्रायव्हरच्या पाठीमागचा पत्रा फाडून त्याच्या खांद्यापाशी डोकावलं. साहेब ड्रायव्हरवर ओरडायला लागले. मी म्हटलं, साहेब, ब्रेक ट्रकला लागला, टेबलाला कोणी सांगितलंच नाही.

शाळेत मास्तरांनी आमच्याकडून घोकून घेतलं होतं की बाहेरून बळ लागत नाही तोवर स्थिर वस्तू स्थिरच राहते आणि चालती वस्तू चालतच राहते. यालाच जडत्व म्हणतात. आम्ही ते पाढ्यासारखं म्हणायचो. पहिला अर्धा भाग सगळ्यांना पटतो, कारण जड कपाट हलत नाही हे कोणालाही दिसतं. दुसरा अर्धा कोणालाच पटत नाही. हललेलं कपाट थांबत नाही, हे माणसाला ते अंगावर आल्याशिवाय कळत नाही.

पंडरीच्या बाजारातल्या एका कापडवाल्याकडे मी पोचायच्या आधीच त्याच्या माणसांनी लोखंडी काउंटर ढकलायला घेतला होता. सगळे मिळून "जोर लगाके" चाललं होतं. काउंटर जागचा हलेना, म्हणून प्रत्येक हाळीला जोर वाढत होता. अडलेल्या वजनाची गंमत अशी असते की ते सुटेपर्यंतच फार जोर लागतो. सुटलं की पुरे थोडासा. पण ढकलणाऱ्यांचा जोर तेवढाच राहिलेला असतो. काउंटर सुटला तो थेट नव्या काचेतून फुटपाथवर गेला आणि सगळे एकमेकांवर पालथे पडले. तेव्हापासून माझ्या टोळीत आरडाओरडा बंद. जोर लावायची हाळी द्यायची नाही, धक्का मारायचा नाही, घाई करायची नाही. मी बोट वर केलं की थांबायचं, तळहात खाली केला की सोडायचं. लोक म्हणायचे, हे काम करतात की पोथी ऐकतात?

आता मूळ गोष्टीकडे येतो. ती सांगायची म्हणूनच मी हा लेख कबूल केला.

सदर बाजारातल्या एका सराफाला शंकर नगरला जायचं होतं. खाली दुकान आणि वर घर. वरच्या खोलीत त्याच्या आजोबांच्या काळची तिजोरी होती. भिंत बांधायच्या आधी ती वर चढवली असावी, कारण खाली न्यायला एक अरुंद जिना सोडला तर वाट नव्हती. जिन्याच्या दोन्ही बाजूंना भिंती. एक माणूस चढत असला तर उतरणाऱ्यानं वरच थांबायचं, असा तो जिना. खाली दुकानात उतरल्याशिवाय बाजूला व्हायला बोटभर जागा नाही.

टोळीत त्या दिवशी माझ्याबरोबर दोन भरवशाचे गडी होते. एक दुकालू, धमतरीकडचा. सकाळी रात्रभर पाण्यात भिजवलेला बासी भात खाऊन यायचा आणि दिवसभरात दहा शब्द बोलायचा. दुसरा बंडू, माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, एकुलता एक. कारखान्यातली ठेकेदारी तुटली म्हणून तो माझ्याकडे आला आणि बघता बघता गुटक्यावर त्याच्यासारखा हात टोळीत कोणाचा राहिला नाही.

गुटका म्हणजे पाचरीसारखा कापलेला लाकडी ठोकळा. वजन उताराला असलं की ते थोडं सोडायचं, थांबवायचं आणि थांबल्याबरोबर त्याच्याखाली गुटका सारायचा. म्हणजे वरची साखळी दगा देवो न देवो, वजन गुटक्यावर बसतं. गुटके सारणारा वजनाच्या खालच्या बाजूला उभा असतो. आमच्या धंद्यात खालचा माणूस हीच सगळ्यात वाईट जागा. बंडूला ती आवडायची. बहिणीला मात्र त्यानं सांगून ठेवलं होतं की तो वर साखळीवर असतो. शीला, म्हणजे माझी बायको, रोज डबा देताना म्हणायची, "बंडूकडे लक्ष ठेवा." मी हो म्हणायचो.

बाजार बंदचा दिवस धरून आम्ही सकाळीच गेलो. शेठनं आमच्यादेखत तिजोरी उघडून दाखवली. आत दोन खण, दोन्ही रिकामे. मी पहार लावून तिजोरी किंचित डोलवून पाहिली. हे आमचं नेहमीचं. डोलवली की आत काही सुटं असलं तर आवाज येतो. आवाज आला नाही. मग आम्ही ती पाठीवर आडवी करून साल लाकडाच्या दोन जाड फळ्यांवर घेतली. दार आकाशाकडे, पाय जिन्याकडे.

मग पूजा. वजन उंबऱ्याबाहेर काढायच्या आधी घरच्यांनी त्याची पूजा करायची आणि टोळीनं खाली जाऊन चहा घ्यायचा, ही दोन्ही बाजूंची रीत. शेठ खाली आमच्याजवळच होता, टेंपोवाल्याशी हुज्जत घालत. वर शेठाणी एकटीच होती. आणि आमच्या टोळीची आणखी एक रीत, वडिलांपासून आलेली. एकदा नारळ फुटला की वजन पुन्हा डोलवून बघायचं नाही. पूजा झालेल्या वस्तूवर संशय घेणं अपशकुनी. मी स्वतः असल्या गोष्टी मानत नाही, आमच्या घरात बुद्धाच्या फोटोशिवाय दुसरा फोटो नाही. पण धंद्याच्या रीती माणूस न मानताही पाळतो.

चहा पिऊन वर आलो, मागोमाग शेठ, टेंपोवाला आणि शेजारचे दोघं बघायला आले. खोलीच्या दारामागं आतल्या बाजूनं एक जाड लोखंडी पाईप आडवा अडकवला होता, त्याला चेनकप्पी, म्हणजे हात सोडला तरी आपोआप अडून राहणारी साखळीची कप्पी, आणि तिची साखळी तिजोरीला. साखळी दुकालूकडे. मी जिन्याच्या वरच्या पायरीशी. बंडू तिजोरीच्या खाली जिन्यात, एका हातात गुटका, शेजारी पहार. तिजोरी जिन्यात शिरली आणि बंडू मला दिसेनासा झाला. लोखंडाची अख्खी भिंत आमच्या मध्ये. यापुढं बंडू म्हणजे फक्त आवाज.

पहिल्या काही पायऱ्या छान गेल्या. तळहात खाली, साखळी किरकिरली, तिजोरी सरकली, बोट वर, थांबली. खालून बंडूचा आवाज, "लावला." पुन्हा तेच.

मधल्या पायरीशी मी बोट वर केलं. दुकालूनं साखळी धरली. तिजोरी थांबली.

आणि थांबल्यावर आतून धाडकन आवाज आला. लगेच आणखी एक.

बंद तिजोरीत कोणीतरी अंग टाकून दिल्यासारखा तो आवाज होता. साखळीला असा हिसका बसला की माझ्या दातांना जाणवला. मागं खोलीच्या दाराशी चुना आणि मातीचा लोट उठला. पाईप ज्या भिंतीला टेकला होता तिच्या विटा दबल्या आणि पाईप दोन बोटं आत रुतला. तिजोरी तेवढीच खाली घसरली, गुटका लाकूड चावल्यासारखा कडकडला आणि मग सगळं शांत झालं.

"बंडू!"

"हाओ भाऊजी." आवाज खालून, दबलेला. "गुटका चिरला. पहार लावली म्या खाली. आंगानं दाबून धरली हाये." मग, "आत कोनी बसलं हाये काय?"

त्याही वेळी त्याला थट्टा सुचली.

परिस्थिती काय झाली ते सांगतो. तिजोरी अर्धी फुटक्या भिंतीवर लटकली होती आणि अर्धी बंडूच्या पहारीवर. त्यानं पहार सोडली तर सगळा भार भिंतीवर येणार आणि भिंत आता विश्वासाची राहिली नव्हती. तो पळू लागला तर? पाठीमागं उभा जिना, सुटलेली तिजोरी त्याच्या आधी खाली पोचली असती. आणि आत काहीतरी सुटं होतं, जे माझ्या हिशेबात नव्हतं.

"शेठजी, अंदर क्या है?"

शेठ माझ्या मागंच होता, पांढराफटक. "कुछ नहीं है भैया. खाली है. आपके सामने तो दिखाया!"

"खाली तिजोरी ऐसा नहीं बोलती."

तो देवाची शपथ घ्यायला लागला. तेवढ्यात टेंपोवाला आणि शेजारचे दोघं पुढं सरसावले आणि साखळीला हात घालून म्हणाले, चलो, सब मिलके ऊपर खींचते हैं. आयजीच्या जिवावर बायजी उदार! जीव खाली बंडूचा अडकलेला आणि जोर यांना आलेला. मी आयुष्यात गिऱ्हाइकाच्या घरात शिवी दिली नव्हती, ती त्या दिवशी दिली. वर ओढायचं म्हणजे अडलेलं वजन सोडवायला आणखी जोर लावायचा आणि तो सगळा जोर त्या भिंतीनंच सोसायचा. माझी शिवी ऐकून त्यांनी साखळी सोडली, तीही हळू, हे नशीब.

मी पुन्हा तोंड उघडणार तोच शेठाणी दिसली. खोलीच्या कोपऱ्यात उभी, हातात अजून पूजेचं ताट. ती माझ्याकडे बघत नव्हती, नवऱ्याकडे बघत होती. आणि मला कळलं.

"दीदी," मी शक्य तेवढ्या मऊ आवाजात म्हटलं, "नीचे जो खड़ा है, वो मेरी घरवाली का भाई है."

तिनं पूजेचं ताट खाली ठेवलं. "खाली तिजोरी घर से नहीं निकलती भैया," ती म्हणाली. "लक्ष्मी नाराज होती है. सासूमाँ कहकर गई थीं. मैंने पूजा के बाद चाँदी रख दी. दोनों खानों में."

शेठनं कपाळावर हात मारून घेतला. त्याला खरंच ठाऊक नव्हतं. लाल कापडात बांधलेल्या चांदीच्या लगडी तिनं एकेक करून आत ठेवल्या होत्या. आपली रीत तिनं पाळली आणि पूजेनंतर न डोलवायची आमची रीत आम्ही पाळली. दोघांच्या रीती मिळून बंडू जिन्यात अडकला. मला तिच्यावर रागावता येईना, हाच मोठा राग होता.

"कितनी रखी?"

तिनं दोन्ही हातांनी ढीग दाखवला. मोठा ढीग. आणि आतून आवाज तर दोनच आले होते.

म्हणजे बाकीच्या लगडी अजून वरच होत्या. कापडाच्या घर्षणानं कुठंतरी खणात अडकून राहिलेल्या. जोवर तिजोरी सारखी एका चालीनं सरकत होती तोवर त्याही तिच्याबरोबर निमूट येत होत्या. मी तिजोरी थांबवली की त्या थांबत नव्हत्या, आधीच्या प्रत्येक थांब्याला कापडावर आवाज न करता बोटभर सरकत आल्या असणार. त्या भोपाळच्या टेबलासारखंच. या थांब्याला दोन पार सुटल्या आणि तिजोरीच्या तळावर हातोड्यासारख्या बसल्या. पुढच्या थांबण्याला बाकीच्या सुटतील. दोनांनी भिंतीचं हे केलं, सगळ्या मिळून काय करतील?

शेठ म्हणाला, दार वरच आहे, चढतो आणि काढून घेतो. मी नाही म्हटलं. ते जड दार शेठाणीनं सपाट खोलीत दोन्ही हातांनी कसंबसं उचललं असेल, पण इथं उतार होता. ते एका अंगाला उघडलं की सगळा तोल त्या अंगाला. आणि त्या तिजोरीवर पाय ठेवून चढणं म्हणजे बंडूच्या पहारीवर पाय ठेवणं.

खालून आवाज आला, "भाऊजी, लवकर करा नं काही. हात भरून राहिले."

जिन्याच्या वरच्या तोंडाशी गच्ची तोलून धरायला जुन्या रेल्वे रुळाचा एक खांब उभा होता. सकाळी मी तो मुद्दामच वापरला नव्हता, कारण तो जिन्याच्या रेषेत नव्हता, तिजोरी एका भिंतीला घासली असती. आता घासू दे. दुकालूला मी नुसतं खांबाकडे बोट दाखवलं. त्यानं खांबाला पोतं गुंडाळलं, जाड दोर आणून तिजोरीच्या कडीला बांधला आणि खांबाला वेढे घालायला लागला. दोराचे वेढे खांबाला बसले की दोर आणि खांब यांचं घर्षणच वजन धरून ठेवतं. दुसऱ्या टोकाला मग एक माणूस पुरतो. हे कोणी शोधलं देव जाणे, माझे वडील तर म्हणायचे गाय बांधणाऱ्या गुराख्यानं.

"तीन फेरा मारे हँव उस्ताद," दुकालू म्हणाला.

दोर ताणून घेतला. पण खरी अडचण आता होती. दोर ताणला तरी भार आला की तो थोडा वाढतोच. बंडूनं पहार काढली की तिजोरी दोराच्या वाढण्याइतकी सरकणार आणि दोर संपला की थांबणार. आणि थांबणं म्हणजेच बाकीच्या लगडी. जन्मभर ज्या थांबवण्यावर मी जगलो, तेच थांबवणं आता बंडूचा जीव घेणार होतं.

एकच उपाय होता आणि तो आमच्या सगळ्या नियमांच्या उलट होता. तिजोरी एकदा हलली की खाली पोचेपर्यंत थांबवायचीच नाही. पायरीगणिक थांबा नाही, गुटके नाहीत. एका संथ चालीत थेट दुकानात. तिथं शेवटच्या पायरीपुढं आम्ही भाताच्या कोंड्याची पोती आधीच रचलेली होती. वर दुकालूनं दोर न अडखळता सोडत राहायचं. आणि खाली बंडूनं पहार काढून, हातात काहीही न घेता, त्या तिजोरीच्या पुढं उलटं चालत उतरायचं.

मी दुसऱ्या माणसाला पाठवायचा विचार केला. खोटं कशाला सांगू, दुसऱ्या कोणाच्याही भावाला पाठवायचा विचार केला. पण पहारीवरचा माणूस बदलणं हाच एक धक्का होता.

मी जिन्यात वाकून बंडूला सगळं सांगितलं.

"गुटका नाई लावाचा?" त्यानं विचारलं.

"नाही."

"आन् मधात काही झालं तं?"

"तरी थांबवणार नाही. थांबवलं तर आतलं सगळं सुटेल. तू फक्त मागं मागं उतर. आणि बोलत राहा. मला तू दिसत नाहीस."

"काय बोलू?"

"काहीही बोल. बोलत राहा म्हणजे झालं."

मग म्हणाला, "ताईनं आज काय डबा देल्ला जी?"

"पाहिला नाही."

"मंग मी सांगतो. सोडा तुमी."

मी तळहात खाली केला. दुकालूच्या हातातून दोर वीतभर गेला. खाली पहार निघाल्याचा घसरा आला आणि तिजोरी हलली. आतून आवाज आला नाही. टेंपोवाल्याला बजावलं होतं तशी त्यानं कप्पीची साखळी भराभर ढिली सोडली, सगळा भार खांबावर आला, रुळाचा तो खांब हुंकारला. पण तिजोरी चालत राहिली.

"झुनका असन," बंडूचा आवाज आला. "ताईच्या हातचा. कांदा जास्त घालते ते. मी सांगतो तिले, कमी घाल, तं आयकत नाई..."

दोर पोत्यावरून सरकत होता. दुकालूच्या कपाळावरची शीर मला दिसत होती. हात एका चालीनं पुढं, मागं. शेठाणी डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती.

"...आन् मिरचीचा ठेचा. मागच्या हप्त्यात तुमीच खाल्ला सगळा, मले ठेवला नाई. मोठा माणूस म्हून मी काही म्हटलं नाई, पन ध्यानात हाये माह्या..."

तिजोरी भिंतीला घासली, खपल्या उडाल्या. चाल तीच राहिली.

"...आन्..."

आणि आवाज थांबला.

मी कान लावला. दोराची किरकिर, फळ्यांची घरघर. बंडू नाही.

दुकालूनं माझ्याकडे पाहिलं. त्याचे हात चालू होते पण डोळे विचारत होते, थांबवू? तो पडला असेल, पाय अडकला असेल, तिजोरीखाली असेल. थांबवलं तर आतल्या लगडी सुटणार, दोर तुटणार किंवा खांब जाणार आणि मग जे काही खाली असेल त्याचा चुरा. नाही थांबवलं तर तिजोरी त्याच्या अंगावरून जात असेल. माझं बोट आपोआप वर जायला निघालं. इतक्या वर्षांचा हात तो. काही चुकलं की बोट वर, हे त्याच्या हाडात गेलेलं. ते बोट मी दुसऱ्या हाताच्या मुठीत धरलं. अक्षरशः आवळून धरलं. आणि दुकालूला मानेनं सांगितलं, चालू दे.

ते किती वेळ चाललं ते मला सांगता येणार नाही. थोडाच वेळ असणार, कारण जिना काही मोठा नव्हता.

खाली पोती दबल्याचा आवाज आला. तिजोरी टेकली. आणि मग आतून बाकीच्या लगडी सुटल्या. एकामागून एक, धाड, धाड, धाड, आळीत सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या. वर खोलीत पाईप खाली पडला. आता पडेना का.

मी जिन्यावरून धावलो की घसरलो, आठवत नाही. तिजोरीवरून पलीकडे पाहिलं. बंडू दुकानाच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसला होता. दोन्ही हात पुढं, पहार अजून धरल्यासारखे वळलेले. तोंड उघडं. मला पाहून त्यानं ओठांवरून जीभ फिरवली.

"...आन् भाकर," तो म्हणाला. "जीभ टाळूले चिकटली होती भाऊजी. आवाजच निघून नाई राह्यला."

मी त्याला शिव्या दिल्या. मघाच्या शिवीपेक्षा मोठ्या. तो हसत होता. शेठाणी खाली आली, तिजोरीला हात लावला आणि मग बंडूपुढं हात जोडून उभी राहिली. बंडू लाजला. म्हणाला, "दीदी, पानी मिलेगा क्या?"

त्यानंतर आमच्या टोळीत वडिलांची रीत मोडली. पूजा होऊ दे, नारळ फुटू दे, पण शेवटचं डोलवणं माझं, नारळानंतर. गिऱ्हाईक नाराज झालं तर होऊ दे. कोणी विचारलं की सांगायचो, बाई, लक्ष्मी रिक्षातून न्या, तिजोरीतून नको. वडील असते तर बोलले असते. बोलू देत.

त्या दिवशी मी तिजोरी शंकर नगरला पोचवली, टेंपोतून उतरवली, जागेवर बसवली. हात एकदाही कापला नाही. दुकालूला घरी सोडलं. बंडूला स्कूटरवर मागं बसवून घरी आणलं. वाटेत आम्ही नव्या रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल बोललो. मला वाटलं, झालं, संपलं. मी चांगला गडी आहे.

संध्याकाळी शीलानं दोघांना ताटं वाढली. झुणका नव्हता, वांग्याची भाजी होती. बंडूनं भाकरी मोडली. पहिला घास तोंडात घातला. नुसतं एवढंच, माणूस रोज खातो तसं. ते मी पाहिलं आणि माझ्या हातातून पाण्याचा पेला सुटला.

मग माझे हात थांबेनात. खांदे थांबेनात. मी रडत होतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, शीलानं मला रडताना पाहिलं नव्हतं.

"काय झालं? तिखट झालं काय?" ती म्हणाली. मग भावाकडे वळली. "कामावर काही झालं काय रे? तू वर होता ना? साखळीवर?"

बंडूनं ताटातून मान वर केली नाही. "हाओ ताई," तो म्हणाला, "साखळीवरच होतो."

शीलानं माझ्याकडे पाहिलं, त्याच्या हातांकडे पाहिलं, तळव्यांना पहारीचे लाल वळ होते. मग टोपलीतली एक भाकरी काढून तिनं त्याच्या ताटात टाकली. मग आणखी एक. मग आणखी एक.

"बस ना ताई," बंडू म्हणत होता, "बस ना, किती वाढून राहिली..."

टोपली रिकामी झाली तरी तिचा हात काही थांबेना.